दमा आहे? मग घरी जा!

मला लहानपणापासून दमा आहे. पावसाळा आला की लॅपटॉपच्या बॅगेत चार्जरशेजारी इनहेलर. त्यामुळे ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा आधी हसू आलं आणि मग घाम फुटला.

गोष्ट १९९० च्या दशकातली, अमेरिकेतल्या पिट्सबर्गची. न्यूमोनियाचा कोणता पेशंट दगावू शकतो, हे जुन्या नोंदींवरून कॉम्प्युटरला शिकवायचं होतं. धोका जास्त असेल तर ॲडमिट करा, कमी असेल तर औषधं देऊन घरी पाठवा. एकूण १४,१९९ पेशंटांच्या नोंदी. रिच कारुआना तेव्हा कार्नेगी मेलनमध्ये पीएच.डी. करत होते. त्यांचं न्यूरल नेटवर्क अचूकतेत सगळ्यांच्या पुढे गेलं.

पण त्याच डेटावर दुसऱ्या एकाने नियम शोधून काढणारा प्रोग्रॅम चालवला, आणि त्यातून एक अजब नियम बाहेर पडला: न्यूमोनियाच्या पेशंटला दमाही असेल, तर त्याचा धोका कमी!

आता बोला!

डॉक्टरांना विचारल्यावर उलगडा झाला. दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला की हॉस्पिटल त्याला थेट आयसीयूत हलवत असे. इतकी काळजी घेतल्यावर माणसं जास्त वाचणारच. म्हणजे डेटा खोटा नव्हता, गणितही बरोबर होतं. फक्त त्या आकड्यांमागे उपचार दडले होते, आणि मॉडेल नेमके तेच काढून घ्यायला निघालं होतं.

न्यूरल नेटवर्कही हेच शिकलं असणार, पण त्याच्या पोटात डोकावणार कोण? शेवटी खुद्द कारुआनांनीच आपलं नेटवर्क पेशंटांवर वापरू नका असं सांगितलं. त्यापेक्षा कमी अचूक, पण वाचता येणारी लॉजिस्टिक रिग्रेशन बरी! स्वतःच्या पहिल्या नंबरावर असं पाणी सोडायला धाडस लागतं राव.

पुढे २०१५ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर वाचता येतील अशी मॉडेल्स याच प्रश्नावर चालवून दाखवली. प्रत्येक घटकाचा आलेख समोर दिसतो, चुकीचा वाटला तर तज्ज्ञ तो दुरुस्त करू शकतात, आणि अचूकताही फारशी घटत नाही. त्यात दमा तर सापडलाच, वर छातीत दुखणं आणि हृदयविकारही धोका 'कमी' करताना दिसले. कारण तेच.

गेल्या आठवड्यात रिव्ह्यूमध्ये मीही माझ्या मॉडेलचा आकडा दाखवून शाबासकी घेतली. हा आकडा कशामुळे आला, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. सोमवारी तेच मॉडेल पुन्हा उघडणार आहे.

असो. इनहेलर संपत आलाय, आणायला हवा.