गर्भाची वाढ, जन्मजात व्यंग आणि पूर्वकर्म : पालि वाङ्मयातील दोन प्रवाह

वर्षावासातील एका प्रवचनमालेच्या निमित्ताने मालवण किनाऱ्यावरील एका गावी जाण्याचा योग आला होता. प्रवचन आटोपल्यावर एका वृद्ध उपासिकेने मला बाजूला घेतले. तिच्या नातवाचा वरचा ओठ जन्मतःच दुभंगलेला होता. ग्रहण लागले असता सून विळीवर भाजी चिरीत होती म्हणून असे झाले, असे शेजारणी म्हणत. धम्माचे थोडेफार वाचन असलेला एक नातलग म्हणे की, विळीचा काही संबंध नाही, हे मुलाच्या पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ. म्हातारीचा प्रश्न सरळ होता : "माझ्या सुनेचा काय चुकला?"

शेजारणींच्या समजुतीला उत्तर देणे अवघड नव्हते. मानवी गर्भाचा ओठ गर्भधारणेनंतरच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळून येतो, आणि टाळू त्यानंतर लवकरच. घरात गरोदरपणाची वार्ता पसरून सुनेला ग्रहण पाळायला बसवेपर्यंत ओठ जुळायचा तो जुळून गेलेला असतो, किंवा जुळायचा राहून गेलेला असतो. नातलगाचे म्हणणे मात्र इतक्या सहजासहजी बाजूला सारता येत नाही. कारण ते आपल्याच ग्रंथांचा आधार घेऊन उभे राहते. त्या आधाराची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गर्भाच्या वाढीविषयीचा पालि तिपिटकातील सर्वांत प्रसिद्ध उल्लेख संयुत्तनिकायाच्या यक्खसंयुत्तात, इंदकसुत्तात येतो. राजगृहाजवळील इंदकूट पर्वतावर राहणारा इंदक नावाचा यक्ष तथागतांना विचारतो की, रूप म्हणजे जीव नव्हे असे आपण म्हणता, तर मग हे शरीर प्राण्याला मिळते कसे? उत्तरात कोठेही आत्म्याचा प्रवेश नाही. प्रथम कलल, मग अब्बुद, मग पेसी, मग घन, मग पसाखा म्हणजे अवयवांचे फुटवे, आणि पुढे केस, लोम, नखे असा क्रम सांगितला आहे. माता जे अन्नपान सेवन करते त्यावरच गर्भ पोसला जातो, एवढे सांगून सुत्त थांबते. अट्ठकथेने या अवस्थांना सात सात दिवसांचे माप लावले आणि पाचव्या आठवड्यात दोन हात, दोन पाय व डोके यांसाठी पाच उंचवटे येतात असे म्हटले. विसुद्धिमग्गात बुद्धघोषाचार्यांनी कललाचा आकार सांगितला आहे तो असा : नुकत्याच जन्मलेल्या कोकराच्या लोकरीचा एक तंतू तुपात बुडवून उचलावा आणि त्याला जेवढा थेंब लागून राहील तेवढा. हा ग्रंथ नागरी लिपीत १९४० साली संपादून देणारे धर्मानंद कोसंबी याच किनारपट्टीचे. त्यांचा जन्म १८७६ साली मालवणच्या दक्षिणेस गोव्यातील साखवाळ येथे झाला.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. गर्भाच्या हातांचे अंकुर चौथ्या आठवड्याच्या अखेरीस व पायांचे त्यानंतर थोड्याच दिवसांत दिसू लागतात हे आजच्या गर्भविज्ञानाने दाखविले आहे. अट्ठकथेतील पाचव्या आठवड्याशी त्याचे साम्य पाहून, आधुनिक शास्त्र आमच्याकडे आधीच होते, अशी घोषणा करण्याचा मोह आपल्याकडील अनेक व्याख्यात्यांना होतो. मला तो मोह घातक वाटतो. प्राचीनांनी गर्भपात झालेले गर्भ पाहिले असतील, पशूंचे पाहिले असतील; त्यांचे निरीक्षण चांगले होते एवढे म्हणणे पुरेसे आहे. इंदकसुत्ताचे महत्त्व आठवड्यांच्या हिशोबात नसून, शरीर कारणांतून टप्प्याटप्प्याने घडते, या दृष्टीत आहे.

मग व्यंगाचे कारण कोणते? प्राचीन भारतात याला अनेक उत्तरे होती. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बीजाचा जो भाग दूषित झाला असेल त्या भागापासून होणाऱ्या अवयवात विकृती येते, असा विचार आहे. सुश्रुतसंहितेत गर्भिणीचे डोहाळे अपुरे राहिले तर कुबडे, खुजे किंवा विकलांग मूल होते असे म्हटले आहे. आपला 'डोहाळे' हा शब्द पालि 'दोहळ' शब्दाचाच सोदर. अजातशत्रूच्या मातेला राजा बिंबिसाराच्या गुडघ्याचे रक्त पिण्याचे डोहाळे लागल्याची कथा थुसजातकाच्या निमित्ताने आली आहे. डोहाळे पुरविण्याच्या चालीत गर्भिणीच्या लाडाचा भाग मोठा आहे हे खरे. पण मूल सदोष निघाले की दोषाचे बोट मातेकडे वळण्याची वाटही तेथूनच जाते. ग्रहणाची समजूत त्याच वाटेवरची.

पालि वाङ्मयात पूर्वकर्माचे उत्तर आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मज्झिमनिकायातील चूळकम्मविभंगसुत्तात सुभ माणवाला अल्पायुष्य, रोग, कुरूपता यांची कारणे कर्मात सांगितली आहेत. बालपंडितसुत्तात दुष्कर्म करणारा पुढे मनुष्यजन्माला आला तरी आंधळा, पांगळा होतो असे म्हटले आहे. विनयाच्या महावग्गात तर कुबडे, खुजे, आंधळे, मुके यांना प्रव्रज्या देऊ नये अशी यादीच आहे. हे उतारे झाकून ठेवून केलेला युक्तिवाद टिकणारा नाही.

परंतु प्रत्यक्ष व्यक्तींचे प्रसंग पाहिले की चित्र बदलते. लकुंटक भद्दिय हे बुटके स्थविर. उदानात इतर भिक्षू त्यांना तुच्छ लेखतात आणि तथागत त्यांच्या थोरवीची साक्ष देतात. ते बुटके का झाले, याबद्दल सुत्तात एक अक्षरही नाही. कारण सांगते ती अट्ठकथा : पूर्वी कस्सप बुद्धाच्या स्तूपाचा आकार कमी करविला, म्हणून हे शरीर मिळाले. खुज्जुत्तरा ही कुबडी दासी. अंगुत्तरनिकायात बहुश्रुत उपासिकांत ती अग्र मानली आहे, आणि तिच्या कुबडाचे कारण मात्र धम्मपदट्ठकथेत येते : एका कुबड्या प्रत्येकबुद्धाची तिने नक्कल केली होती. कोलियकन्या सुप्पवासेची सात वर्षांची गर्भावस्था उदानात आहे, ती कोणत्या पापामुळे, हे पुन्हा अट्ठकथेत. सुत्ताने व्यक्ती जशी आहे तशी स्वीकारली, आणि कित्येक शतकांनंतरच्या कथाकाराला रिकामी जागा सोसवली नाही. प्रवचनांतून या कथाच रंगवून सांगितल्या जातात, कारण त्या रंगतात.

याच्या उलट बाजूचे वचन संयुत्तनिकायाच्या वेदनासंयुत्तात आहे. मोळियसीवक नावाचा परिव्राजक राजगृहाच्या वेळुवनात येऊन विचारतो की, मनुष्य जे जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकृतामुळेच, असे काही श्रमणब्राह्मण म्हणतात; आपले मत काय? तथागत आठ कारणे देतात : पित्त, कफ, वात, त्यांचा सन्निपात, ऋतूचा पालट, विषम आचरण, बाहेरून झालेला आघात आणि आठवे कर्मविपाक. सर्वच पूर्वकर्मामुळे म्हणणारे, माणसाला स्वतः जे कळते आणि जगात जे सत्य म्हणून मान्य आहे, त्या दोहोंच्या पलीकडे धावतात, असा अभिप्रायही ते देतात. सुत्तातील प्रश्न वेदनेचा आहे, जन्मजात व्यंगाचा नव्हे, हे ध्यानात ठेवावे. पण तत्त्व तेच लागू पडते. मिलिंदपञ्हात नागसेनांनी एक पाऊल पुढे टाकून, कर्मविपाकातून उपजणारे थोडे आणि इतर कारणांतून उपजणारे अधिक, असा निर्वाळा दिला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारताना आनुवंशिकतेचा विचार पुढे केला, तो याच प्रवाहाला धरून.

सीवकाला दिलेल्या यादीतील 'इतर कारणे' विसाव्या शतकात एकामागून एक उघड झाली. १९४१ साली ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांना मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या अर्भकांच्या मातांना गरोदरपणाच्या आरंभी रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, झाल्याचे आढळले. १९६१ साली थॅलिडोमाइड या औषधाचा दोष उघडकीस आला. ज्या थोड्या दिवसांत हातापायांचे अंकुर घडतात त्याच दिवसांत घेतलेल्या गोळ्यांनी जगभर हजारो मुले हातापायांविना जन्मली. १९५९ साली लेज्यून यांनी डाउन लक्षणसमूहाच्या मुळाशी एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत असल्याचे दाखविले. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश पाहणीत, पूर्वी मज्जानलिकेचा दोष असलेले मूल झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड दिल्याने तो दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. ही नलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते, म्हणून गोळी आधीच सुरू करावी लागते. मातेच्या अन्नावर गर्भ पोसला जातो हे इंदकाला सांगितले होते. अन्नातील कोणता अंश आणि कोणत्या दिवसांत, एवढे शोधायला अडीच हजार वर्षे लागली.

महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाहाची चाल आहे. सामान्यतः १०० पैकी २ ते ३ मुलांत गंभीर व्यंग आढळते. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या विवाहात हे प्रमाण सुमारे दुप्पट होते. (महावंसानुसार सिद्धार्थाची पत्नीही त्याची आतेबहीणच होती. वंशकाराने येथे सिंहली चाल शाक्यांवर लादली असावी, असा मला संशय आहे.) आणि एवढे शोध लागूनही निम्म्याहून अधिक व्यंगांचे निश्चित कारण आज डॉक्टरांना सांगता येत नाही. तेथे 'माहीत नाही' म्हणणे भाग आहे. सीवकाला दिलेल्या उत्तराशी हे अधिक सुसंगत आहे. रिकाम्या जागी पूर्वजन्म भरणे नव्हे.

त्या सायंकाळी हे सर्व म्हातारीला सांगण्याजोगे नव्हते. सुनेचे काही चुकले नाही, विळीचे नाही आणि मुलाचेही नाही, एवढे मी सांगितले. पुढील गरोदरपणाचा विचार असेल तर आधीच फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू कराव्यात, त्या सरकारी आरोग्य केंद्रात मिळतात. बालकांच्या तपासणीचा जो राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला त्यात दुभंगलेल्या ओठाचा समावेश आहे. आणि ओठाची शस्त्रक्रिया तीन ते सहा महिन्यांच्या वयातच करता येते, हेही सांगितले. नातू त्या वेळी चार महिन्यांचा होता. पूर्वकर्माविषयी तिने पुढे काही विचारले नाही. इस्पितळात किती दिवस राहावे लागेल आणि त्या दिवसांत सुनेला अंगावर पाजता येईल का, एवढे दोन प्रश्न विचारून ती उठली.