स्वप्नाचा दाखला

वाशीम जिल्ह्यातल्या गावांतून जुन्या देवळांच्या हकिकती गोळा करत हिंडताना एक वाक्य इतक्या वेळा कानावर येते, की वहीत ते पुरते लिहिणे मी केव्हाच सोडले आहे. नुसते 'स्व.' असे अक्षर टाकतो. 'देवीनं सपनात येऊन सांगतलं', हे ते वाक्य. अमुक शेतात, अमुक झाडाखाली उकरा, मी तिथे आहे. भाविक लेखक ही हकिकत जशीच्या तशी छापतात आणि चिकित्सक म्हणवणारे ती गाळून थेट बांधकामाच्या शैलीकडे वळतात. मला दोन्ही पद्धती आळशीपणाच्या वाटतात. स्वप्न खरोखर पडले की नाही हे आज कोणालाच ठरवता येणार नाही. पण ते कोणाला पडले म्हणून सांगतात, ते कधी लिहिले गेले आणि सांगणाऱ्याला त्यातून काय मिळाले, हे पुष्कळदा शोधता येते.

आपल्याच जिल्ह्यातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरचे. तिथल्या अंतरिक्ष पार्श्वनाथांची कथा चौदाव्या शतकात, मुहम्मद तुघलकाच्या काळात, जिनप्रभसूरींनी 'विविधतीर्थकल्प' या ग्रंथात नोंदवली. श्रीपाल राजाला त्वचेचा असाध्य रोग होता. एका तळ्याच्या पाण्याने त्याने हातपाय धुतले. दुसऱ्या दिवशी त्याची काया पालटलेली राणीला दिसली. तिने चौकशी केली, राजाला पुन्हा तिथे नेऊन अंघोळ घातली, पूजा मांडली आणि इथे जे कोणते दैवत असेल त्याने प्रकट व्हावे अशी विनवणी केली. रात्री स्वप्नात तिला उत्तर मिळाले. पाण्यात पार्श्वनाथांची मूर्ती आहे. ती गाडीवर ठेवून सात दिवसांची वासरे जुंपावीत, राजाने स्वतः गाडी हाकावी, पण मागे वळून पाहू नये. राजाला शंका आली, त्याने मागे पाहिले आणि मूर्ती तिथेच अधांतरी थांबली.

राजाची कथा म्हणून ती सांगितली जाते खरी, पण राजा फक्त गाडी हाकतो आणि नको तिथे मागे बघतो. पाहते, विचारते आणि स्वप्नही बघते ती राणी. त्याआधीच्या, तेराव्या शतकातल्या मदनकीर्तींच्या 'शासनचतुस्त्रिंशिके'त या अधांतरी मूर्तीवर एक श्लोक आहे. त्यात राजा नाही, राणी नाही आणि स्वप्नही नाही. अर्थात चार चरणांच्या श्लोकात जागा ती किती! तेवढ्यावरून 'स्वप्न मागाहून घुसडले' असा निष्कर्ष मी काढणार नाही.

पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक असेल. या मंदिराच्या ताब्यावरून दिगंबर आणि श्वेतांबर यांच्यात जो वाद झाला, तो १९२९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. नंतरही तो मिटला नाही. मंदिर कित्येक दशके बंद राहिले. मूर्ती कशी मिळाली ही कथा तपशिलांच्या फरकाने दोन्ही बाजूंना मान्य. देव कुठे आहे एवढे स्वप्नाने सांगितले होते, किल्ली कोणाकडे हे सांगितले नव्हते. न्यायालयांना लागतात ते करार, वेळापत्रके आणि वहिवाट.

याच दोन परंपरांत स्वप्नाबद्दल आणखी एक मौजेचा फरक आहे. महावीरांच्या जन्मापूर्वी त्रिशला मातेने पाहिलेली शुभ स्वप्ने श्वेतांबर चौदा मानतात, दिगंबर सोळा. हत्ती, बैल, सिंह, लक्ष्मी असे एकेक चिन्ह तिला दिसते आणि त्यांचा अर्थ सांगायला स्वप्नपाठक बोलवावे लागतात. बौद्ध कथेतही तसेच. मायादेवीला स्वप्नात पांढरा हत्ती दिसतो आणि अर्थ ब्राह्मण सांगतो. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हा प्रसंग रंगवलेला आहे. अजिंठ्याची बरीच लेणी ज्या हरिषेणाच्या काळातली मानली जातात, तो वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा राजा, आणि वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीम. तेव्हा स्वप्नाचा विषय आम्ही वाशीमकरांनी हाती घेतला तर कोणी नवल करू नये.

या जुन्या प्रकारात स्वप्न म्हणजे चित्र. पाहणाऱ्याला ते कळत नाही. अर्थाची किल्ली शास्त्र्याच्या हाती. शिरपूरच्या राणीचे स्वप्न मात्र वेगळ्या जातीचे आहे. तिथे दैवत सरळ बोलते आणि अर्थ सांगायला कोणी लागत नाही. अशी स्वप्ने प्राचीन ग्रंथांतही आहेत, पण मराठी मुलखात मध्ययुगापासून त्यांचा जो बोलबाला झाला, त्याची साक्ष आपली भाषाच देते. 'दृष्टांत' या शब्दाचा मूळ अर्थ उदाहरण, दाखला. महानुभावांच्या 'दृष्टांतपाठा'त तो याच अर्थाने येतो. मराठीत त्याच शब्दाला स्वप्नातल्या देवदर्शनाचा अर्थही चिकटला. देवाने दृष्टांत दिला, म्हणजे दाखला दिला. माझ्या मते हा योगायोग फार बोलका आहे, कारण ज्यांच्याकडे दुसरा कसलाही दाखला नव्हता, त्यांच्या हाती स्वप्न आले.

कारंज्याला जन्मलेल्या नृसिंह सरस्वतींचे चरित्र सांगणारा 'गुरुचरित्र' हा ग्रंथच स्वप्नातून सुरू होतो. वाटेत थकून झोपलेल्या नामधारकाला स्वप्नात योगी दिसतो, आणि जागा होऊन चालू लागल्यावर तोच पुरुष सिद्ध म्हणून समोर उभा राहतो. तुकोबांची गोष्ट तर घरोघरी माहीत आहे. त्यांना गुरुमंत्र मिळाला तो स्वप्नात, बाबाजी चैतन्यांकडून, माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी. कवित्वाची आज्ञाही स्वप्नातच झाली, नामदेव पांडुरंगाला घेऊन आले तेव्हा. शूद्र म्हणून वेदार्थ बोलण्याचा अधिकार ज्याला नाकारला जात होता, त्या माणसाने आपला अधिकार कुठून आणला हे यात स्पष्ट दिसते. बहिणाबाईंचे त्याहून कठीण. ब्राह्मणाची बायको, गुरू ब्राह्मणेतर, तोही न भेटलेला. कोल्हापूरला असताना लाडके वासरू मेल्यावर त्या बेशुद्ध होऊन पडल्या आणि तुकोबांनी स्वप्नात येऊन उपदेश केला, असे त्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगतात. नवरा खवळला. पण स्वप्नाला जात विचारायची कशी आणि दाराला कडी लावून ते अडवायचे कसे!

उलट बाजूही पाहू. वाशीमचे बालाजी मंदिर भोसल्यांच्या पदरी मोठ्या हुद्द्यावर चढलेल्या भवानी काळू यांनी १७७९ च्या सुमारास बांधले. औरंगजेबाच्या काळात लपवलेल्या मूर्ती पुढे एका घोडेस्वाराला माती उकरताना अकस्मात सापडल्या, अशी हकिकत जुन्या गॅझेटियरात आहे. तिथे स्वप्न नाही. सत्ता आणि पैसा हाती असलेल्या माणसाला दृष्टांताची तेवढी गरज नसावी, असा माझा तर्क. एका उदाहरणावरून नियम होत नाही, हे मान्य. शिवाय शिरपूरच्या कथेत राजाच आहे. पण स्वप्न त्याला पडत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

मग हे सगळे सोयीसाठी रचलेले का? झोपेचे शास्त्र सांगते की स्वप्ने सर्वांनाच पडतात. बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात त्या झोपेचा शोध शिकागोच्या संशोधकांनी १९५३ साली प्रसिद्ध केला, आणि त्या अवस्थेत उठवलेली माणसे बहुधा स्वप्न सांगतात. दिवसभर ज्याचा ध्यास, ते रात्री दिसते, हे आपल्याकडे चरकाने फार पूर्वी लिहून ठेवले. स्वप्नांचे सात प्रकार करून पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले आणि कल्पिलेले हे पाच त्याने निष्फळ ठरवले. या हिशेबाने तुकोबांचे स्वप्न 'इच्छिलेले' या खात्यात जाईल आणि निष्फळ ठरेल. चरकाचा हिशेब इथे चुकला असेच म्हणावे लागते.

आणि ते स्वप्न रचलेले नसावे असे मला ज्यामुळे वाटते, तो तपशील अगदी किरकोळ आहे. स्वप्नात गुरूने भोजनासाठी पावशेर तूप मागितले आणि ते द्यायचे राहूनच गेले, असे तुकोबा सांगतात. अधिकारासाठी खोटा दाखला तयार करणारा माणूस त्यात तुपाचा विसर कशाला लिहील?