शब्दांधत्व आणि लाल शाई

ससेक्स परगण्यातील सीफर्ड येथे वैद्यकी करणाऱ्या डब्ल्यू. प्रिंगल मॉर्गन यांनी ७ नोव्हेंबर १८९६ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. पर्सी हा हुशार, चलाख, खेळांत कुणाहून मागे नसलेला मुलगा. मात्र वयाच्या सातव्या वर्षापासून शाळा आणि शिकवण्या होऊनही त्याला वाचता येत नसे. स्वतःचे नावही तो 'प्रेसी' असे लिही आणि पुनःपुन्हा लक्ष वेधल्याशिवाय ती चूक त्याला दिसत नसे. ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार मात्र त्याने झटपट आणि बिनचूक केला. ग्लासगोचे नेत्रवैद्य जेम्स हिन्शेलवुड यांच्या १८९५ च्या लेखाचा धागा पकडून मॉर्गन यांनी यास जन्मजात शब्दांधत्व म्हटले. 'डिस्लेक्सिया' हा शब्द जर्मनीत त्याआधीच घडला होता.

हे टिपण वैद्यकाच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. आम्हां भाषाशिक्षकांना मात्र त्यातील शाळामास्तरांची साक्ष अधिक मोलाची वाटते: सगळे शिक्षण तोंडी असते, तर हाच मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता! निदान वैद्याचे खरे, पण निरीक्षण मास्तरांचे.

पुढे अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन यांनी १९२५ पासून या मुलांचा अभ्यास केला, आणि १९६३ मध्ये सॅम्युअल कर्क यांनी 'अध्ययन अक्षमता' ही संज्ञा रूढ केली. महाराष्ट्र शासनाने परीक्षांत सवलती दिल्या त्या १९९६ साली, म्हणजे पर्सीनंतर बरोबर शंभर वर्षांनी. वाढीव वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा आणि दुसरी भाषा वगळून कार्यानुभव घेण्याची मुभा. या शेवटच्या सवलतीपाशी आम्ही अडखळतो. भाषा जड जाते म्हणून भाषाच काढून घेणे हा उपाय गरजेपोटीचा असेल, पण तो भाषाशिक्षकांच्या पराभवाची नोंदही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेस दिव्यांगत्वांच्या यादीत स्थान दिले.

आमची लिपी तर अशा मुलाची परीक्षाच पाहते. ऱ्हस्व वेलांटी लिहायची व्यंजनाच्या डावीकडे, उच्चारायची नंतर. रफाराचा र उच्चारात आधी, आणि लेखनात पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. मराठी पर्सी 'कर्म' लिहायला जाईल आणि 'क्रम' लिहील. चूक तीच, 'प्रेसी'चीच.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे अशीच एक उत्तरपत्रिका आली होती. एकच शब्द तीन ओळींत तीन तऱ्हांनी लिहिलेला. आम्ही लाल शाईने 'निष्काळजीपणा' असा शेरा मारला आणि गुण कापले. त्याच सत्रातील तोंडी परीक्षेत त्याच विद्यार्थ्याला आम्ही वर्गात सर्वाधिक गुण दिले होते. दोन्ही गुणतक्ते विभागाच्या एकाच कपाटात होते. ते शेजारी ठेवून पाहण्याचे आम्हाला सुचले नाही.