उन्हातील मजल

उन्हाळा हा लांबच्या प्रवासाचा ऋतू नव्हे, ही आपल्याकडील फार जुनी समजूत. मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करीत, म्हणजे पावसाळा सरल्यावर आणि उन्हाळ्याला अवकाश असताना. वैशाखात ज्याला निघणे भागच पडे, तो रात्री चाले व दुपारी एखाद्या झाडाखाली पडून राही. सायकल आली आणि सामान्य माणसाच्या आवाक्यात अंतर आले. ऊन मात्र होते तिथेच राहिले. या गोष्टीची साक्ष देणारे दोन प्रवास येथे नोंदवावयाचे आहेत. पहिला मुंबईहून निघाला. दुसरा आमच्या रायपूरवरून गेला.

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी, दसरा जवळ आलेला असताना, बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. अदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला आणि नरीमन कापडिया ही त्यांची नावे. पंजाब, बलुचिस्तान, इराण, इराक, सीरिया, सिनाई, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन असा फेरा करून १८ मार्च १९२८ रोजी हकीम, बापासोला व भुमगरा हे तिघेच मुंबईस परतले. सायकलवर सुमारे ७१,००० किलोमीटर झाले होते. त्यांचे प्रवासवर्णन १९३१ साली इंग्रजीत निघाले. मुंबई आपली म्हणणाऱ्या मराठी माणसाला शिवाजी पार्कचे क्रिकेटपटू तोंडपाठ असतात, पण या सहांपैकी एकाचेही नाव सहसा ठाऊक नसते, हे नवल आहे.

या प्रदक्षिणेतील बगदाद ते अलेप्पो हा वाळवंटी टप्पा विशेष पाहण्याजोगा आहे. ९५६ किलोमीटरचे हे अंतर त्यांनी २३ दिवसांत काटले. वाळूची वादळे, घाण पाणी आणि ५७ अंशांवर गेलेली उष्णता असे त्याचे वर्णन सापडते. सत्तावन्नचा आकडा जपूनच घेतला पाहिजे. सावलीतील उष्णतेचा जगातील मान्य उच्चांक ५६.७ अंशांचा, तोही डेथ व्हॅलीतील १९१३ सालचा; तेव्हा ही मोजणी उघड्या उन्हातली असावी. पण कारकुनी सवयीने दुसरा एक भागाकार केला, तर अधिक बोलका आकडा हाती येतो. त्या टप्प्यात दिवसाची मजल पडते सुमारे ४२ किलोमीटर, म्हणजे साधारण रायपूरहून दुर्गपर्यंत. उलट सबंध प्रदक्षिणेचे १,६१६ दिवस धरले, त्यांत मुक्काम, आजारपण आणि जहाजावरचे रिकामे दिवसही मोजले, तरी सरासरी ४४ येते. म्हणजे इतरत्र आठवडेच्या आठवडे विसावा घेऊनही जी गती राहिली, ती वाळवंटात रोज झुंजूनही साधली नाही.

वाळूत चाक रुतते हे एक कारण झाले. दुसरे शरीराचे. आपल्या त्वचेची उष्णता पस्तीस अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून तापली की सायकलस्वाराच्या अंगावर येणारा वारा उष्णता काढून नेण्याऐवजी तीत भरच घालतो. मग घाम वाळणे एवढाच उपाय उरतो. अशा हवेत कष्ट करणाऱ्याचे तासाला लिटरभर पाणी सहज जाते, वर मीठही जाते. थांबला तरी शरीराची मागणी पुरती थांबत नाही. ऊन भाडे घेते ते तासांवर, मैलांवर नव्हे. उंटांच्या काफिल्याला पाण्याच्या पखाली लादता येत. सायकलीवर किती पाणी मावणार? छत्तीसगडच्या शेतकऱ्याने हे शास्त्र न शिकता ओळखले आहे. रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, त्यात मीठ आणि जोडीला कांदा, असे बासी खाऊन तो पहाटे शेतावर जातो आणि ऊन चढण्याच्या आत परततो.

मात्र वेळ निवडण्याची मोकळीक सर्वांनाच नसते, आणि येथेच दुसऱ्या प्रवासाकडे वळावे लागते. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. कामे गेली, गाड्या बंद पडल्या, आणि ऐन वैशाखात महाराष्ट्र, गुजरात, तेलंगण येथून मजूर झारखंड, ओडिशा, बिहारकडे निघाले. कोणी पायी, कोणी ट्रकवर, कोणी गाठीच्या शेवटच्या पैशांनी घेतलेल्या सायकलवर. नागपूरहून पूर्वेकडे जाणारा महामार्ग रायपूरवरूनच जातो. त्यामुळे शहराच्या पश्चिमेचा टाटीबंध चौक त्या मे महिन्यात या लोकांचा मोठा थांबा बनला. येथल्या नागरिकांनी त्यांना अन्न, पाणी आणि चपलाही दिल्या. मेच्या अखेरीस मध्य भारतात उष्णतेची लाट होती. राजस्थानात चूरूला २६ तारखेस पारा ५० अंशांवर पोहोचला. ऊन टाळून रात्री निघावे, तर रस्ता भरधाव वाहनांचा. लखनौहून छत्तीसगडकडे सायकलने निघालेले एक मजूर दांपत्य त्याच महिन्यात रात्रीच्या वेळी वाहनाच्या धडकेने दगावले.

मुंबईच्या सहा जणांनी मार्ग आखला होता आणि त्यांची नोंदवही पुढे पुस्तक झाली. टाटीबंधवरून गेलेल्यांची मजल कोण मोजणार? सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले की, १ कोटी ४ लाखांहून अधिक स्थलांतरित मजूर आपापल्या राज्यांत परतले. वाटेत किती मेले याची आकडेवारी ठेवलेली नाही. त्यांच्या सायकलींची मोजदाद मात्र एका ठिकाणी झाली. उत्तर प्रदेशात सहारनपूरला अशा हजारो मजुरांना बसमध्ये बसवून पुढे पाठवण्यात आले आणि त्यांच्या सायकली तेथेच ठेवून घेतल्या गेल्या. बरेच जण पुढे येऊन आपली सायकल घेऊन गेले. जे आले नाहीत त्यांच्या सुमारे ५,४०० सायकलींचा २०२२ साली लिलाव झाला. एकवीस लाखांवर रुपये आले. दर सायकलीस चारशेही पडले नाहीत.