दस्त्याचं रबर आणि आपला खांदा

पिकं कमरेला लागली की आपल्याकडे रानडुकरं आणि रोह्यांचा विषय निघतोच. ज्ञानगंगा आणि अंबाबरवा अभयारण्यांच्या कडेला राहणाऱ्यांना तर रात्रीची जागल चुकत नाही. मग आजोबांच्या वेळची परवान्याची बंदूक बाहेर निघते, आणि दस्त्याच्या बुडाचं रबर दगडासारखं कडक झालेलं दिसतं, नाहीतर हातात भुगा येतो. "हे बदलून कुठं मिळंल भाऊ?" असं बरेच जण विचारतात. या रबराला मोठा इतिहास आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

गोळी पुढे जाते तशी बंदूक मागे येते. तो धक्का खांद्याने सोसायचा. जुन्या बंदुकांच्या दस्त्याला पितळेची नाहीतर लोखंडाची पट्टी असायची, पण ती लाकूड फुटू नये म्हणून. खांद्याचा विचार नंतर आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या सिल्व्हर कंपनीचं रबरी पॅड शिकारी बंदुकांवर दिसू लागलं. या कंपनीच्या रबर कारखान्यावरूनच तिथल्या वस्तीला सिल्व्हरटाऊन नाव पडलं. त्याच काळात, १८७० साली, आपल्या खामगावचा कापूस विलायतेला लवकर पोचावा म्हणून जलंब–खामगाव रेल्वे सुरू झाली.

रेल्वे आली, पण बंदूक सगळ्यांसाठी नव्हती. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवाना सक्तीचा केला, गोऱ्यांना मात्र सूट. काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केले. पुढे लष्कराचं ३०३ चं काडतूस लोकांच्या हाती नको म्हणून नागरिकांसाठी ३१५ बोर आली. गंमत बघा, ३०३ रायफलीचे दस्ते सैनिकाच्या अंगापिंडाप्रमाणे आखूड-लांब अशा वेगवेगळ्या मापांत मिळायचे. आपल्या शेतकऱ्याला मात्र विलायती मापाचा दस्ता आहे तसा खांद्याला लावावा लागला.

आता कामाचं. पॅड बदलताना खरी गोष्ट मापाची. चाप ते दस्त्याचं टोक हे अंतर वाढलं की बंदूक खांद्यात नीट बसत नाही, दंडावर सरकते आणि तिथेच मार बसतो. जुनं पॅड एक इंचाचं असेल आणि नवंही तेवढंच, तर लाकडाला करवत लावायचीच नाही. पहिल्यांदाच पॅड बसवायचं असेल तर त्याच्या जाडीचा हिशेब करून दस्ता कापावा लागतो, तोही मूळ तिरकसपणा राखून. स्क्रूची जुनी भोकं जुळली नाहीत तर लाकडी खुंटी ठोकून बुजवतात. कडेचं जास्तीचं रबर घासताना लाकडावर चिकटपट्टी गुंडाळतात. तेल रबराला लागू द्यायचं नाही, आणि बंदूक वर्षानुवर्षं रबरावर उभी ठेवायची नाही. आपल्या उन्हाळ्यात रबर तसंही लवकर मरतं.

पण हे काम कोणी करायचं? १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ५ सांगतं की बंदूक दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. त्याच कायद्यात पीक रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची सोय आहे. जनावर मारायला मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वेगळी परवानगी घ्यावीच लागते. म्हणजे शेतकऱ्याने प्रत्येक पायरीवर कागद दाखवायचा, आणि दुरुस्तीवाला कुठे आहे ते मात्र स्वतः शोधायचं. मग बंदूक सुताराकडे जाते. तो माणूस कसबी असतो, पण कायद्याने दोघंही अडचणीत येतात.

म्हणून मागणी साधी आहे. नूतनीकरणाला किंवा निवडणुकीत बंदूक जमा करायला लोक येतातच. तिथे परवानाधारक दुरुस्तीवाल्यांची यादी भिंतीवर लावा. त्याला खर्च एका कागदाचा आहे.

तुमच्या घरी जुनी बंदूक असेल तर ती कुठून आली, कोणाच्या नावावर होती, ते कमेंटमध्ये जरूर सांगा. बंदुकीचे फोटो मात्र टाकू नका.