जुनी जीप घेताय? आधी हे तपासा

महिंद्राची एमएम ५४० स्वस्तात मिळतेय म्हणून लगेच टोकन देऊ नका.

कागदपत्रे : आरसीवरचे चासी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते.

गंज : इंजिन दुरुस्त होते, पण सडलेली चासी खर्चात पाडते. कोकणातली गाडी असेल तर खाली शिरून पाहा. ताज्या रंगाखाली गंज लपलेला असू शकतो.

देखभाल : ओढ्यातून गाडी काढल्यावर पाटे आणि शाफ्टच्या जोडांना ग्रीस भरा. डिफरन्शियलचे ऑइल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे. ते लगेच बदला.

मॉडिफिकेशन : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. प्रत्येक बेकायदा बदलासाठी ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. इंजिन बदलायचे असेल तर आधी आरटीओची मंजुरी घ्या.

आधीच्या मालकाने केलेले बदलही आरसीवर नसतील, तर गाडी नावावर झाल्यावर उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल.