गालेप्पिनीचे रात्रीचे काम

चित्रकारांची चरित्रे आपण वाचतो, ती बहुधा एका ठरीव साच्याची असतात. अंगी कला, घरी दारिद्र्य, लोकांची उपेक्षा आणि मृत्यूनंतर कीर्ती. आज ज्या इटालियन चित्रकाराची हकीकत आम्ही सांगणार आहोत, त्याचे प्रकरण जरा निराळे आहे. कीर्ती त्याला हयातीतच मिळाली. मात्र ज्या कामावर त्याने उमेद लावली होती ते लोक विसरून गेले, आणि जे त्याने रात्री जागून उरकले त्यानेच त्याचे नाव राखले.

औरेलिओ गालेप्पिनी याचा जन्म २८ ऑगस्ट १९१७ रोजी टस्कनी प्रांतातील एका खेड्यात झाला. आईबाप मूळचे सार्डिनिया बेटावरचे, आणि औरेलिओचे बालपणही त्याच बेटावर गेले. कोरडे डोंगर, उघडे खडक आणि त्यांवर पडणारे कडक ऊन हे त्याच्या डोळ्यांत तेव्हाच ठसले. चित्रकला तो बहुतांशी आपली आपणच शिकला. आपण चित्रकार व्हावयाचे, एवढे त्याच्या मनाने घेतले होते.

त्या काळी इटलीत चित्रकथांची स्थिती काय होती, हे येथे सांगितले पाहिजे. १९०८ साली मिलान शहरात 'कोरिएरे देई पिक्कोली' हे मुलांचे साप्ताहिक निघाले. त्यात चित्राखाली यमकबद्ध ओळी छापीत. पात्राच्या तोंडून निघणारा शब्दांचा फुगा संपादकांना पसंत नव्हता. पुढे १९३४ साली फ्लॉरेन्सच्या नेर्बिनी या प्रकाशकाने अमेरिकन साहसकथा छापावयास आरंभ केला, आणि मुलांना त्यांचे वेडच लागले. इटालियन भाषेत चित्रकथेला 'फुमेत्तो', म्हणजे धुराचा लहानसा लोट, असे म्हणतात, ते या फुग्यावरूनच. परंतु १९३८ साली मुसोलिनीच्या सरकारने परदेशी चित्रकथांवर बंदी घातली. डिस्नेच्या उंदराला तेवढी काही काळ सवलत मिळाली. मोकळी पडलेली पाने भरावयाची तर देशी चित्रकार हवे होते. त्या गरजेतून गालेप्पिनीला १९४० च्या सुमारास मोंदादोरी या मोठ्या प्रकाशनसंस्थेचे व पुढे नेर्बिनीचे काम मिळाले. युद्धाच्या धामधुमीनंतर मात्र तो सार्डिनियातील काल्यारी शहरी चित्रकला शिकवीत व रंगचित्रे काढीत राहिला.

तेथून त्याला मिलानला बोलावून घेतले ते तेआ बोनेल्ली या प्रकाशिकाबाईंनी. कथा लिहिणार होते जान लुईजी बोनेल्ली. १९४८ साली दोन मालिका एकदम काढावयाचे ठरले. पहिली 'ओक्क्यो कूपो', मोठ्या आकाराची आणि डौलदार. सगळ्यांची भिस्त तिच्यावर, म्हणून गालेप्पिनीचा दिवस तिच्यासाठी राखलेला. दुसरी 'टेक्स'. ही ३० सप्टेंबर १९४८ रोजी निघाली. ती चेकबुकासारखी आडवी, ३२ पानांची, पानावर चित्रांची एकच पट्टी असलेली स्वस्त चोपडी होती. ती रात्री काढावयाची. 'ओक्क्यो कूपो' थोड्याच अंकांत आटोपली. 'टेक्स' आजही निघत आहे.

टेक्स विलर हा अमेरिकेच्या पश्चिम भागातील घोडेस्वार. त्याच्या चेहऱ्यात नट गॅरी कूपरची छटा आहे. अमेरिका गालेप्पिनीने तेव्हा पाहिलेली नव्हती. मग ॲरिझोनाचे कडे कोठून आणावयाचे? ते त्याने सार्डिनियाच्या खडकांवरून उभे केले. कथेतही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्या वेळच्या चित्रपटांत तेथील मूळ रहिवासी बहुधा गोळी खाऊन पडण्यापुरतेच येत. टेक्स मात्र नव्हाहो जमातीच्या मुलीशी लग्न करतो, त्या जमातीचा नायक होतो, आणि 'रात्रीचा गरुड' हे नाव अभिमानाने मिरवितो.

आठवड्याच्या आठवड्याला पानांचा हा रतीब घालणे सोपे नव्हते. मदतनीस घ्यावे लागले. पुढे लेत्तेरी, तिच्ची यांच्यासारखे चित्रकार मालिकेत आले. त्याच्या घाईच्या पानांतले काही हात कच्चे आहेत, काही घोडे एकाच ठशाचे आहेत, हे आम्ही झाकून ठेवीत नाही. रंगचित्रासाठी लागणारी फुरसत या रतीबाने खाल्ली, हेही खरेच. तरी मोठ्या आकारातील मालिकेच्या पहिल्या अंकापासून ४०० व्या अंकापर्यंतची सगळी मुखपृष्ठे त्याच्या एकट्याच्या हातची आहेत. ४०० वा अंक फेब्रुवारी १९९४ मध्ये निघाला. त्याच्या मुखपृष्ठावर टेक्स वाचकांचा निरोप घेत आहे. १० मार्च १९९४ रोजी क्यावरी गावी गालेप्पिनीने देह ठेवला.

या माणसाचा चित्रकार वाया गेला काय, असा प्रश्न कोणीही विचारील. आमचे उत्तर असे की, मानाचे काम कोणते आणि पोटाचे कोणते, हे करणाऱ्यास आधी कळत नाही. दिवसाच्या कामाला त्याने जेवढा हात दिला, तेवढाच रात्रीच्या कामालाही दिला. स्वस्त चोपडीवर हात आखडता घेतला असता, तर दुसऱ्या अंकासाठी कोणी विक्रेत्याकडे परत आले नसते. लोक येत राहिले, आणि सार्डिनियातल्या मुलाने पाहिलेले ते खडक पिढ्यान्‌पिढ्या इटलीच्या घराघरांत अमेरिका म्हणून ओळखले गेले.